बांबूपलीकडची सुईण

मुंबईच्या दंगलीनंतर डोकमर्डीतल्या आमच्या चाळीचं रक्षण करायला पोरांनी तलवारी काढल्या आणि वाटेत बांबू आडवा बांधला. रॉकेलच्या रांगेत माझ्यापुढे प्रमिला आणि आक्काबाई.

“आक्काबाई, आजही त्या पहारेकऱ्यांची भजी माझ्याकडेच!”

“काल माझ्याकडून शिरा नेला, माय. वर म्हणे, काजू कमी!”

“तलवारीनं कांदे तरी चिरून द्यावेत.”

“आणि तुझ्या सोनीचे दिवस भरले ना? सुईण कोण?”

“जुबेदाबी. माझीही बाळंतपणं तिनंच केली. पण बांबूपलीकडची म्हणून तिला येऊ देत नाहीत.”

“उचला म्हणावं बांबू!”

“तुम्हीच सांगा. तिथं तुमचाच पोरगा ललित उभा असतो.”

“सांगितलं असतं गं...”

“पलीकडच्यांची भीती वाटते?”

“त्यांची कसली? मला माझ्या ललितचीच भीती वाटते.”