'येते' म्हणून निघालेल्या यानाबाबत

मी, हेरंब दत्तात्रय गायधनी, वय ५१ वर्षे, धंदा वार्ताहर, शिक्षण संस्कृत पाठशाळा व नंतर बी. ए., राहणार म्हसरूळ, दिंडोरी रस्ता, नाशिक, आज दि. ११/०३/२०२५ रोजी सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी ठाण्यात स्वतः हजर राहून, पोलीस उपनिरीक्षक प्रतिभा भामरे मॅडम यांनी विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर एकटा राहतो. दिंडोरी तालुक्यातील बातम्या पाठवण्याचे काम बावीस वर्षांपासून करतो. छाटणी, फवारणी, गारपीट आणि उद्घाटने हे माझे नेहमीचे विषय. सहा वर्षांपूर्वी त्यांत परग्रहांवरून येणाऱ्या यानांची भर पडली.

दिंडोरी शिवारात 'व्योमसंजीवन यान दुरुस्ती केंद्र' ही कंपनी आहे. ती श्रीमती बिलकिस मुझफ्फर शेख व श्री. खंडेराव गोटीराम गांगुर्डे चालवतात. पूर्वी त्यांचे द्राक्षबागेतले फवारणीचे ब्लोअर दुरुस्त करण्याचे गॅरेज होते. ब्लोअरच्या नळ्या आणि यानाच्या नळ्या यांत काही फरक नाही, असे खंडेराव सांगतात. फार फरक आहे, असे यान बनवणारे सांगतात. याने दुरुस्तीला दिंडोरीला येतात, यावरून वाचकांनी काय ते ठरवावे. ('वाचकांनी' ऐवजी 'तपासी अंमलदारांनी' असे घ्यावे.) कंपनीचे नाव मी सुचवले. ते फलकावर आहे. तोंडी सगळे 'भाभीचं गॅरेज' म्हणतात.

दि. ०९/१०/२०२४ रोजी, द्राक्षांच्या गोडी छाटणीच्या दिवसांत, एक लहान मालवाहू यान उजवी झडप निकामी झाल्याने शेडसमोर उतरले. चालक एकटीच होती. तिचे नाव सात शिट्ट्यांचे आहे. "एवढं नाव घ्यायचं तर आधी जेवून यावं लागंल," असे खंडेराव म्हणाले. बोलताना तिच्या कडांना थोडा उजेड पडतो, म्हणून त्यांनी तिला उज्ज्वलाताई म्हणायला सुरुवात केली. तिने हरकत घेतली नाही. नव्या झडपेचा साचा तीन वेळा फसला. चौथा जमेपर्यंत चार महिने गेले. तोवर ती शेडमध्येच राहिली.

या काळात मी वृत्तसंकलनासाठी शेडवर जात होतो. किती वेळा, असे मॅडमनी विचारले. रोज, असे मी सांगितले. चार महिन्यांत बातम्या किती छापून आल्या, असे विचारता, दोन, असे सांगितले. उरलेले दिवसही वृत्तसंकलनातच धरावेत, असे सांगितले.

मी तिला मराठी शिकवली. व्याकरण माझे आणि बोलणे शेडवरचे, असे झाल्याने ती "सदर पाना मजकडे द्यावा" आणि "लय टाइट झालं ना भाभी" ही वाक्ये एका दमात बोलत असे. एके दुपारी मी शेडवरून निघताना "येतो" म्हणालो. ती म्हणाली, "गुरुजी, तुम्ही तर जात आहात." मी सांगितले की, आपल्याकडे निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही. जाणे सगळ्यांना दिसतेच, ते सांगायचे कशाला? परत येणे दिसत नाही, म्हणून ते सांगायचे. त्यावर बिलकिसभाभी म्हणाल्या, "और निरोप देणारा 'या' म्हणतो. म्हणजे जा, पण या." चालकाने हे वहीत लिहून घेतले. तिच्या भाषेत निघताना काहीच म्हणत नाहीत, असे तिने दुसऱ्या दिवशी मला सांगितले.

दि. ०६/०२/२०२५, गुरुवार रोजी झडप बसली. बदललेला जुना भाग गिऱ्हाइकाला परत द्यायचा, म्हणजे नवा खरोखर बसवल्याची खात्री पटते, अशी गॅरेजची रीत आहे. त्याप्रमाणे जुनी झडप खताच्या रिकाम्या गोणीत घालून भाभींनी तिच्यापुढे ठेवली. "राहू द्या इथेच," असे ती म्हणाली. त्यामुळे पावतीवर 'जुना माल मिळाला' यासमोर तिची सही नाही. दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी यान उठले. ते दिसेनासे झाल्यावर मी किती वेळ तिथे उभा होतो, ते खंडेरावांना विचारावे. त्यांनी दोनदा चहा आणून दिला, एवढे आठवते.

उठताना प्रत्येक चालकाला एकलहऱ्याकडील यान नोंद चौकीशी बोलावे लागते. चौकीवर कुंदन अहिरे होते. बोललेले शब्द जसेच्या तसे लिहायचे, असा त्यांना हुकूम आहे. त्यांनी लिहिले ते असे. चालक : "येते हं, कुंदनभाऊ." चौकी : "या."

ही नोंद परराज्यातील मुख्य कचेरीत गेली. तिथे मराठी येणारे कोणी नाही. कोशात पाहून त्यांनी अर्थ लावला की, यान येत असल्याचे चालक म्हणाली व चौकीने तिला येण्याची परवानगी दिली. सबब यानाचे आगमन झाले. ऑक्टोबरात आलेले यान न जाताच पुन्हा कसे आले, हा प्रश्न कचेरीला पडला नाही. दि. ०३/०३/२०२५ रोजी त्यांचे पथक आले. शेडमध्ये यान नव्हते. गोणीत झडप होती आणि पावतीवर सही नव्हती. यान खोलून त्याचे सुटे भाग केले व चालकाचे बरेवाईट केले, असा संशय घेऊन शेडला सील लावण्यात आले. आज सायंकाळपर्यंत खुलासा न झाल्यास भाभी व खंडेराव यांना अटक होऊन परवाना रद्द होईल, असे मॅडमनी मला सांगितले. कुंदन अहिरे यांच्यावरही संशय असल्याने त्यांचा खुलासा धरला गेला नाही.

मॅडम म्हणाल्या, "मला कळतंय हो सर. मीसुद्धा घरून निघताना 'येते'च म्हणते. पण ते कागदावर कसं आणू?" म्हणून भाषेचा जाणकार या नात्याने खुलासा करतो की, 'येते' याचा अर्थ 'निघाले' असा आहे व परत येण्याचा विचार त्यात धरलेला आहे. मी संस्कृत व्याकरणातला आधार देऊ लागलो. त्यावर मॅडम म्हणाल्या, "संस्कृत नको. आमच्या भिकनला तुमचं मराठीच पुरे झालंय." हवालदार भिकन सोनवणे हा जबाब लिहून घेत आहेत. त्यांनी मान हलवली. तिला हा शब्द मी शिकवला. गुन्हा कोणाचा असेलच, तर माझा आहे. भाभी व खंडेराव यांनी झडप बसवली, एवढेच केले.

इतके सांगून होते तोच, १२ वाजून ३५ मिनिटांनी, चौकीवरून कुंदन अहिरे यांचा फोन आला. मॅडमनी तो सर्वांना ऐकू येईल असा लावला. "मॅडम, ते यान बोललं आत्ता. तोच आवाज." काय बोलली, असे विचारता, "'आलेच' म्हणाली. आता हे कुठल्या रकान्यात लिहू, निर्गमन का आगमन? मी आता माझ्या मनानं काही लिहीत नाय." मॅडमनी माझ्याकडे पाहिले. मी 'आगमन' असे सांगितले. मला ते दोनदा सांगावे लागले. पहिल्यांदा कोणाला ऐकू गेले नाही.

'आलेच' म्हणजे किती वेळात, असे मॅडमनी विचारले. मी सांगितले की, रूप भूतकाळाचे व अर्थ भविष्याचा आहे. आपल्याकडे माणूस अंघोळीला शिरतानाही हा शब्द उच्चारतो. त्यामुळे वेळेची हमी देता येत नाही. मात्र ज्याला यायचे नाही, तो हा शब्द म्हणत नाही.

बाहेर बाकावर बसलेल्या भाभी व खंडेराव यांना आत बोलावून हे सांगण्यात आले. भाभी म्हणाल्या, "मॅडम, सील काढा लवकर. शेडपुढं तुमच्याच लोकांनी टेम्पो लावलाय, ती उतरणार कुठं?" खंडेराव यांनी गोणी मागितली. ती मुद्देमालात आहे, आज मिळणार नाही, असे सांगता ते म्हणाले, "मंग निदान पुसून ठेवा. पाहुणीची वस्तू हाय." मॅडमनी वरिष्ठांशी फोनवर बोलून, सील काढण्यासाठी एक शिपाई त्या दोघांबरोबर पाठवला.

जबाब संपला असे समजून मी उठलो व सवयीने "येतो" म्हणालो. "इथून निघताना 'जातो' म्हणावं, सर," असे मॅडम म्हणाल्या व मला पुन्हा बसवले. हा अपवाद तिला शिकवायचा राहून गेला होता. तो आज शिकवीन. पुन्हा गरज लागल्यास मी बोलावल्यावर हजर होईन. आज दुपारनंतर मी शेडवर सापडेन. वृत्तसंकलनासाठी.

हवालदार भिकन यांनी वरील सर्व मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला व नंतर पाहायला दिला. मी ऱ्हस्वदीर्घाच्या अकरा चुका दाखवल्या, त्यांपैकी नऊ त्यांनी मान्य केल्या. बाकी सर्व मी बोललो तसेच उतरले आहे व खरे आहे, म्हणून खाली सही करतो.

समक्ष
प्रतिभा भामरे, पोलीस उपनिरीक्षक

सही
हेरंब द. गायधनी