जिवापाड जपलेला ठेवा

रेडिओचा विषय माझ्यापुढं काढू नका, डोकं फिरतं. चाकूरच्या गयाबाईंच्या जात्यावरच्या ओव्या आमच्या केंद्रावर मीच रेकॉर्ड केल्या होत्या. पुढं कोरी टेप मिळंना, तर त्याच टेपवर एका साहेबाच्या निरोपाचं भाषण घेतलं. ओव्या गेल्या.

यंदा वर्धापनदिनाला नवे साहेब मलाच विचारून राहिले, "तुम्ही रिटायर झालात, पण कुणाकडं जुनं काही हाय का बघा."

मुदखेडच्या सलीमचाचांकडं होतं. टेलर माणूस. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून त्यांनी दुकानातच त्या ओव्या भरून घेतल्या होत्या. कॅसेट देताना मी बजावलं, "चाचांचं नाव घ्या, साहेब."

"हाव, घेऊ की."

त्या दिवशी आम्ही दोघं दुकानात कान लावून बसलो. रेडिओ म्हणाला, "ऐकू या, आपल्या केंद्रानं जिवापाड जपलेला ठेवा." चाचांचं नाव न्हाई. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गयाबाई गायला लागल्या आणि मागं शिलाई मशीन खडखडायला लागली. ओवीच्या मधेच चाचांचा तरणा आवाज आला, "अरे, पाटील का पायजामा हुआ क्या?"

मी तिथूनच साहेबांना फोन लावला.

"ऐकलं मी," साहेब म्हणाले. "काळजी करू नका, पुढच्या वेळी तेवढा टेलरचा आवाज पुसून टाकू."

पुसायचं काम तेवढं यांना लई बरोबर जमतं.