बोगद्यातली हाक

गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारी एक बसचालक आणि त्यांची मुलगी बस तपासून व्हायची वाट बघत बसले होते.

"बाबा, नीट पहिल्यापासून सांगा. बोगद्यात गाड्या अडकल्या, मग?"

"मग आमच्या बसमधल्या एका आजोबांना धाप लागली. ओठ निळे पडले गं! फोनला रेंज नाही. म्हटलं, आता तू बसवलेल्या यंत्रालाच विचारू."

"कुठलं बटण दाबलंत?"

"ऑक्सिजनचं! लगेच पडद्यावर आलं, मागे सातव्या गाडीत सिलिंडर आहे."

"म्हणजे बसच्या यंत्रानं आसपासच्या गाड्यांना विचारलं आणि त्या गाडीनं थेट उत्तर दिलं! मध्ये टॉवरबिवर काही नाही! बाबा, यंत्रं बऱ्याच गाड्यांत बसवलीत, पण आम्ही हे फक्त मैदानात, दोन गाड्यांवर करून पाहिलं होतं."

"ऐक तर! कंडक्टर धावत जाऊन सिलिंडर आणि त्या गाडीवाल्यालाही घेऊन आला. थोड्या वेळानं आजोबा विचारतात, माझी पिशवी कुठंय?"

"उत्तर किती सेकंदांत आलं?"

"सेकंद कोण मोजतंय! मी आजोबांना धरून बसलो होतो."

"आणि तो गाडीवाला काय म्हणाला?"

"म्हणाला, ॲम्ब्युलन्समधून पेशंटला घरी सोडून परत चाललो होतो. आता मला कोण बोलावणार, म्हणून यंत्र बंदच करणार होतो."

"बाप रे! मग?"

"मग काय, मिठीच मारली त्याला! म्हटलं, हे माझ्या लेकीनं केलंय. अख्ख्या बोगद्याला ओरडून सांगितलं!"

"बाबा, हळू. लोक ऐकतायत."

"ऐकू देत की!" ते माझ्याकडे वळले. "अहो, तुमच्या गाडीत आहे का हे यंत्र?"