डिझेल, पेट्रोल आणि आमचे हे

...आणि वर मलाच विचारतात, "हेमा, माझं चुकलं कुठं?" आता काय सांगू ह्या माणसाला! अहो, माणूस चुकतो कधी? काहीतरी बोलला तर! आमचे हे बोलतच नाहीत. म्हणजे मुके नाहीत हो... बोलतात, पण दोनच शब्द. "बरोबर आहे!" भाजीवाला म्हणतो, "साहेब, वांगी एक नंबर." हे म्हणतात, "बरोबर आहे!" मी म्हणते, "अहो, किडकी आहेत." हे म्हणतात, "बरोबर आहे!" आणि पिशवीत वांगी घेऊन घरी येतात. लग्नात भटजींनी कानात काय मंत्र सांगितला कुणास ठाऊक, तेव्हापासून हे असं.

तर झालं काय, तुम्हाला सांगते. आम्ही तिघी बहिणी, माहेर कोपरीचं. मोठी लक्ष्मीताई, मधली मी, धाकटी दिशा. तिघींना तीन नवरे... एकेकीला एकेक, हसू नका! ताईचे मिस्टर काळुराम भावोजी, त्यांचा पाण्याच्या जारचा धंदा, रोज डोंबिवलीहून ठाण्याला माल पोचवतात. त्यांचा डिझेलचा पिकअप ट्रक. हा एवढा! गल्लीत शिरला की लोक वाळत घातलेले कपडे आत घेतात. दिशाचा नवरा हर्षित, त्याची कल्याण-शीळ रोडला नर्सरी... रोपांची हो, पोरांची नाही... तो बाळकुमच्या टॉवरवाल्यांना बाल्कनीत लावायला झाडं पुरवतो. त्याचा छोटा ट्रक, पेट्रोलचा. मागे मोठ्या हिरव्या अक्षरांत लिहिलंय, 'झाडे लावा'. आणि त्याच्या बरोब्बर खाली सायलेन्सर!

आमच्याकडे काय? चपला. ह्यांना गाडी चालवता येत नाही, ह्यांच्या भावालाही नाही. ऑफिस वागळे इस्टेटला. आणि दोन्ही साडू सकाळी आमच्याच गल्लीवरून ठाण्याला जाणारे, दोघांनाही हे लाडके. का लाडके? अहो, ह्यांच्याइतका ऐकणारा माणूस मिळतो कुठं! म्हणून एक दिवस डिझेल, एक दिवस पेट्रोल, असं ठरलेलं. फुकटची लिफ्ट म्हणून मीच खूश झालेले, मूर्ख बाई!

डिझेलच्या दिवशी काळुराम भावोजी, असा मिशीवर हात, "सुदेशशेठ, ऐक आवाज! याला म्हणतात दम. डिझेल म्हणजे बैल रे! मागे डोंगर बांध, मान खाली घालील आणि चालायला लागेल. पेट्रोल म्हणजे वरातीतला घोडा. नाचव, फोटो काढ, परत पाठव." हे म्हणतात, "बरोबर आहे!" संध्याकाळी घरी येतात, चहाचा कप हातात घेतात, तर बशी वाजतेय... टिंगटिंगटिंगटिंग! गाडीतून उतरून तीन जिने चढून आले तरी माणूस आतून चालूच!

पेट्रोलच्या दिवशी हर्षित. त्याचा आवाज असा, देवळात बोलल्यासारखा, "दादा, काही ऐकू येतंय? नाही ना? तेच तर! शांतता. डिझेलचा धूर म्हणजे काजळी, दादा. लहान मुलांच्या छातीत जाते. आपण पृथ्वीचा विचार करायला नको का?" हे म्हणतात, "बरोबर आहे!" मग हा पृथ्वीवाला सिग्नल आला की इंजिन बंद, ट्रॅफिक लागलं की एसी बंद. का, तर पेट्रोल लै पिते. शीळफाट्याचं ट्रॅफिक तुम्हाला माहितीये... आमचे हे ऑफिसला पोचतात ते आंघोळ करून आल्यासारखे!

आणि एकमेकांना निरोप कुणाकरवी? ह्यांच्याकरवी. भावोजी म्हणतात, "त्याला सांग, माझी गाडी नवी आहे, नळीला गाळणी बसवलेली आहे, धूर निघतच नाही. हे बघ, पुसून दाखवतो!" आणि पुसली. ह्यांच्या रुमालाने! दुसऱ्या दिवशी हर्षित, "अस्सं? मग माझीपण पुसून बघा की, दादा." परत ह्यांचाच रुमाल! म्हणजे गाडी त्यांची, पृथ्वी सगळ्यांची, आणि धुवायचं मी!

बरं, इथवर ठीक होतं. मग आईचा ट्रेलर आला. मी शेजारच्या मालनवहिनींना सांगितलं, "अहो, आमच्या आईचा ट्रेलर येतोय." तर त्या म्हणतात, "अगंबाई, कुठल्या पिक्चरमध्ये काम केलं त्यांनी?" पिक्चर नाही हो! चाकांवरचं हॉटेल. आत गॅस, तवा, काउंटर, वर उघडणारी झडप, आणि गाडीच्या मागे लावून न्यायचं. डोंबिवली एमआयडीसीत बनवून घेतला.

आईचं सांगते. आमची आई, सगुणा म्हणून सगळी कोपरी ओळखते. आयुष्यभर लोकांच्या हळदीला तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, कालवणं केली. हजार-हजार माणूस जेवून गेलं, पण हात धुताना स्तुती कुणाची? मंडपवाल्याची! एक दिवस म्हणाली, "हेमा, मना माज्या नावाची पाटी पायजे." झालं. 'सगुणाची चूल', लाल अक्षरांत पाटी रंगवली. उद्घाटनाचा रविवार ठरला, अख्ख्या आळीला आमंत्रण. प्रश्न एकच... डोंबिवलीहून कोपरीला ट्रेलर खेचून आणणार कोण?

आईच्या घरी बसलो सगळे जेवायला. काळुराम भावोजी म्हणाले, "विषयच नाही. डिझेल. सुदेशशेठ तर कधीपासून सांगतोय, डिझेलच!" हर्षितने घास खाली ठेवला. "सुदेशदादा? ते तर मला म्हणाले पेट्रोल!" "कधी म्हणाला?" "परवा म्हणाले!" "मला काल म्हणाला!" आणि दोघांनी अशा माना वळवल्या... आमच्या ह्यांच्या तोंडात बोंबील. गिळता येईना, थुंकता येईना. अहो, त्या माणसाच्या कपाळावरचा घाम मी मोजून सांगितला असता! आई म्हणाली, "मंग आता सुदेशरावच सांगतील, कंची गारी." गारी म्हणजे गाडी हो, आमच्या आईचं असंच. ह्यांनी पाणी प्यायलं, घसा साफ केला, आणि म्हणाले काय? "दोघांचं बरोबर आहे! अर्ध्या रस्त्यात डिझेल, अर्ध्या रस्त्यात पेट्रोल."

मी तिथेच डोक्यावर हात मारून घेतला. अहो, ट्रेलर आहे का पालखी, खांदे बदलायला?

रविवारी सकाळी निघालो. पुढे भावोजींचा पिकअप, त्याला ट्रेलर, मागे हर्षित. भावोजींच्या शेजारी हे आणि मी. आणि खरं सांगते, काय खेचला हो त्या गाडीने! मागे काही आहे हे कळेना. भावोजी आरशात बघत गातायत. ह्यांचा चेहरा असा खुलला, मला म्हणतात, "बघ, उगाच घाबरलो." आणि काटई नाका आला. ट्रॅफिक! दोन पावलं पुढे, थांब. दोन पावलं पुढे, थांब. तेवढ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. भावोजींचं गाणं थांबलं. गाडीची ताकदच गेली हो, आजारी माणसासारखी कण्हायला लागली. मेकॅनिकला फोन लावला, तो स्पीकरवर, "शेठ, धुराची गाळणी तुंबली तुमची. ट्रॅफिकमध्ये नुसती रेंगाळते ना गाडी, काजळी साचते, जळत नाही. काय नाय, मोकळ्या रस्त्याला घ्या, अर्धा तास एका स्पीडने पळवा, साफ होईल." भावोजी ओरडले, "मोकळा रस्ता? अरे, कल्याण-डोंबिवलीत राहतो मी!"

मागून हर्षित आला. हसत नव्हता, पण अंगभर हसत होता. "दादा, मी म्हटलं होतं ना, काजळी?" हे तोंड उघडणार तेवढ्यात मी ह्यांच्या पायावर पाय दिला. खबरदार बरोबर म्हणालात तर!

मग ट्रेलर सोडला, हर्षितच्या गाडीला लावला, आम्ही दोघं त्याच्या शेजारी बसलो, आणि भावोजी मोकळा रस्ता शोधत बदलापूरच्या बाजूला गेले. गाळणी साफ करायला! चहाची गाळणी आपण नळाखाली धरतो, हिला बदलापूर दाखवावं लागतं. आता हर्षितच्या गाडीचा हुक खाली, त्यामुळे ट्रेलरचं नाक खाली, शेपूट वर. आतल्या कढया सगळ्या पुढे आल्या... धडाम धडाम! तरी सपाटीवर आला बिचारा. हर्षित म्हणतोय, "दादा, बघा किती स्मूथ." आणि मुंब्रा बायपासचा चढ लागला.

तुम्हाला सांगते, त्या चढावर ती गाडी जी रडायला लागली... पहिला गियर टाकला, इंजिन किंचाळतंय, आणि आम्ही जागच्या जागी! मग वास आला. मी म्हटलं, "काय जळतंय?" हर्षित म्हणाला, "क्लच." त्याचा तो देवळातला आवाज पार बसला. हे उतरले, दगड शोधले, ट्रेलरच्या चाकांखाली लावले. मागे गाड्यांची रांग, हॉर्नवर हॉर्न, एक टँकरवाला डोकं बाहेर काढून, "ओ काका, हॉटेल इथंच टाकताय काय? मग चहा तरी पाजा!"

आणि फोन वाजला. आई! "सुदेशराव, सुरमईला मसाला लावून ठेवलाय, बायका नटून आल्यात, नारल हातात हाय माज्या. माजी गारी कवा येनार?"

मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. आता म्हणणार, पाच मिनिटांत पोचतो. सगळ्यांना गोड वाटेल तेच बोलणारा माणूस हा! पण ह्यांनी त्या चढाकडे बघितलं, त्या पाटीकडे बघितलं... ती वाकडी झाली होती, 'सगुणाची चूल'... आणि म्हणाले, "आई, खोटं नाही बोलत. दोन्ही गाड्या फसल्या. चूक माझी आहे, मला आधीच सांगायला पाहिजे होतं. उशीर होईल. पण तुमची चूल मी आणतो. तुम्ही नारळ धरून ठेवा."

मी बघतच राहिले. हा माणूस आमच्या घरी राहतो?

तेवढ्यात भावोजी आले, उलट्या बाजूने वळसा घालून. दिवा विझलेला, गाडी ठणठणीत, मिशी परत वर. उतरल्या उतरल्या, "हर्षितभाऊ, काय झालं घोड्याला?" हर्षित म्हणाला, "तुमचा बैल बरा झाला का?" "माझ्या बैलाला बोलायचं नाही!" "मग तुम्ही..."

"गप्प बसा!"

कोण ओरडलं? आमचे हे! टँकरवाल्याने हॉर्न थांबवला, तुम्हाला सांगते. "शेठ, चढाला डिझेलच पाहिजे. लावा तुमची गाडी पुढे. पण रोज ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास ही फिरवाल तर रोज तुंबेल, तिथे हर्षितचं ऐका. हर्षित, तुझी गाडी शहरात चांगली, पण ओझं तिला झेपत नाही, हे तुलापण माहीत असून तू बोलत नाहीस. मागून चल, दिवे लावून. आणि कोपरी येईपर्यंत दोघांपैकी एकजणही तोंड उघडणार नाही!"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आणि काळुराम भावोजी, अहो ते काळुराम भावोजी, हळूच म्हणाले, "बरोबर आहे."

निघालो. चढ कसा संपला कळलं नाही. कोपरीत पोचलो, तर आळीच्या तोंडाशी परत अडलो! पिकअप मोठा, ट्रेलर लांब, वळण बसेना. हर्षितचा ट्रक लावून बघितला, मागे-पुढे, मागे-पुढे, तोही बसेना. आई नारळ घेऊन समोर उभी, मध्ये पन्नास पावलांची गल्ली. ह्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, ट्रेलरची दांडी उचलली, आणि म्हणाले, "सोडा हुक." पुढे हे ओढतायत, मागून दोन साडू खांदा लावतायत, बाजूने सगळी आळी ओरडतेय... आणि गेला हो आत! आईने नारळ फोडला, पाटी सरळ केली, आणि पदराने डोळे पुसत पहिली सुरमई ह्यांच्या ताटात वाढली. दोन्ही साडूंनी एकाच ताटात खाल्लं. एकाच!

संपलं म्हणता? कुठलं संपायला! चूल जोरात चाललीये, देवाच्या कृपेने. पण रात्री ट्रेलर रस्त्यावर ठेवता येत नाही, आईच्या अंगणात ठेवावा लागतो. रोज संध्याकाळी अंगणातून नाक्यावर कोण नेणार? डिझेल वळत नाही, पेट्रोल वळत नाही. आमचे हे वळतात! ऑफिस सुटलं की सरळ कोपरीला. दांडी उचलतात, ओढतात. धूर नाही, आवाज नाही, दोन भाकऱ्या आणि एक बोंबील टाकला की टाकी फुल. वर खूशसुद्धा असतात! पोट आत गेलंय, आईशी गप्पा मारतात, आणि मला घरी येऊन विचारतात, "हेमा, माझं चुकलं कुठं?"

काल आईचा फोन आला. म्हटलं, जावयाचं कौतुक करायला केला असेल. केलंच तसं. "हेमा, सोन्यासारका मानूस हाय गं तुजा." मी म्हटलं, "हो गं आई." तर म्हणाली, "धंदा वारलाय." म्हणजे वाढलाय हो, घाबरू नका! "मी दुसरा ट्रेलर बनवाया टाकलाय बालकुमसाठी." मी म्हटलं, "अगं, पण तो ओढणार कोण?"

आई हळूच म्हणाली, "तुजा येक दीर हाय ना गं?"