पाट्यांवरची वाकळ

अरं, सोलरच्या इंजिनेर बाईला आमच्या म्हातारीनं कसं गप केलं, ऐक.

शहापुरातल्या आमच्या छपरावर त्या बाईनं सोलरच्या पाट्या बसवल्या. माझा माग आता त्यावरच चालतोय. परवा भर उन्हात माग बंद पडला. नवरीची साडी सांजंला द्यायची, अन् हातभर विणायची राहिलेली! म्या फोनवरच झाडली, "तुझ्या पाट्या काढून ने, न्हायतर पापड वाळवतो त्यावर!"

ओढणीत तोंड गुंडाळून बाई स्कूटीवरनं आली, छपरावर चढली अन् वरनंच ओरडली, "आजोबा, ह्यांच्यावर वाकळ कुणी घातली?"

"मी," म्हातारी म्हणाली. "नवी वस्तू हाय, ऊन बाधंल की."

बाईनं वाकळ ओढली अन् माग खडखडला. माझा जीव भांड्यात पडला.

खाली येऊन बाई म्हणाली, "आजी, उन्हाला असं भिऊन कसं चालंल?"

म्हातारीनं तिची ओढणी चिमटीत धरली. "मग तू गं का तोंड झाकून फिरतीस?"