स्टिअरिंगवरचं लाल फडकं

पुरवणी जबाब

मी, वय छत्तीस, धंदा मोटार मेकॅनिक, राहणार उतारावरच्या गॅरेजमागच्या दोन खोल्यांत, आईवडील आणि धाकट्या भावासोबत. कागदावरचं पूर्ण नाव कालच्या जबाबात आहे. गॅरेजमध्ये आणि गल्लीत मला सगळे ताई म्हणतात. धंद्याच्या रकान्यात लिहिणाऱ्या साहेबांनी आधी 'घरकाम' लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. घरकामही करते, पण पोट त्याच्यावर नाही.

समक्ष हजर राहून, कोणी न बोलावता स्वतःहून सांगते की, काल दवाखान्याच्या व्हरांड्यात मी दिलेला जबाब अर्धवट आहे. तेव्हा बाबांना आत नेलं होतं आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. माझ्या त्या जबाबावरून माझा भाऊ रात्रभर कोठडीत आहे. त्याला आम्ही बारक्या म्हणतो. अंगाने तो माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, पण नाव पडलं ते पडलं.

गॅरेज बाबांचं. काम आता मी आणि बारक्या बघतो. बाबांच्या गुडघ्यांनी संप केल्यापासून ते गाडीखाली जात नाहीत. गिऱ्हाइकाशी बोलणं, तयार गाडी घरी पोचवणं आणि आमच्या चुका काढणं एवढं त्यांच्याकडे आहे. तिसरं काम ते सर्वांत मन लावून करतात.

परवा दातांच्या डॉक्टरीणबाईंची पांढरी गाडी आली. बाईंची तक्रार अशी की ब्रेकचं पायडल दाबलं की खाली खाली जातं आणि पुढून किंचाळल्यासारखा आवाज येतो. बाईंना वाटलं की एकच काहीतरी बिघडलंय. बारक्याने गाडी एक चक्कर फिरवून आणली आणि उतरायच्या आधीच सांगितलं, दोन दुखणी आहेत. किंचाळतंय ते पुढच्या पॅडचं, घासून पार लोखंडाला लागलंय. पायडल बसतंय त्याअर्थी तेल कुठूनतरी गळतंय. मागचं डावं चाक काढून ड्रम उघडला तर आत सगळं ओलं. व्हील सिलिंडर गळून लायनरवर, म्हणजे ड्रमला घासून चाक धरणाऱ्या पट्टीवर, तेल उतरलेलं. असे लायनर पुसून परत लावणारे मेकॅनिक आहेत. आम्ही लावत नाही, कारण तेल प्यायलेला लायनर धरत नाही, नुसता घसरतो.

काल सकाळी बारक्याने पुढचे पॅड नवे घातले. मागचा सिलिंडर आणि लायनर काढले. त्यासाठी हँडब्रेकची केबल सैल केली, ती करावीच लागते. ब्रेकतेलाच्या नळीच्या उघड्या तोंडाला धूळ जाऊ नये म्हणून रबरी टोपी लावली. मग नवा सिलिंडर आणायला तो दुकानात निघाला. म्हणजे त्या वेळी गाडीला ना पायाचा ब्रेक होता ना हाताचा.

आता जे काल सांगितलं नाही ते सांगते, कारण ते मला कोणी विचारलं नाही. मागचं चाक काढून गाडी जॅकवर होती. तशीच राहिली असती तर ती गाडी कोणाच्या बापाला हलली नसती. जॅक मी मागितला. आमचा दुसरा जॅक तेल सोडतो आणि एक टॅक्सीवाला माझ्या डोक्यावर उभा होता. बारक्या म्हणाला, "ताई, थांब ना जरा, मी आलोच." मी म्हटलं, "तुझं आलोच मला माहितीये. चाक लाव आणि जॅक दे." त्याने रिकाम्या ड्रमवर चाक चढवलं, गाडी खाली उतरवली, चाकाला, उतारामुळे तयार गाडीलाही लावतो तसा, लाकडी ठोकळा लावला आणि जॅक माझ्याकडे ढकलला. त्यानंतर ती गाडी बाहेरून बघणाऱ्याला तयार गाडीसारखी दिसत होती.

आमच्या गॅरेजमध्ये एक पद्धत आहे. ती बाबांची. ज्या गाडीचा ब्रेक उघडला असेल तिच्या स्टिअरिंगला लाल फडकं बांधायचं. फडकं असेल तर गाडीला हात लावायचा नाही, मग मालक येऊन रडला तरी. काम झालं, नळ्यांतली हवा काढली, पायडल दगडासारखं कडक लागलं, की ज्याने काम केलं त्यानेच ते सोडायचं. दुसऱ्याने सोडायचं नाही. फडकं नसेल तर गाडी तयार, परत विचारायची गरज नाही. विचारलं तर बाबा चिडतात. म्हणतात, "डोळे आहेत ना? मग तोंड कशाला वापरता?" या पद्धतीवर आमचं गॅरेज आजवर चाललं आणि आम्हाला तिचा फार अभिमान होता.

जेवणानंतर मी टॅक्सीखाली होते. डॉक्टरीणबाईंचा फोन आला, तो बाबांनी घेतला. "आणून देतो," म्हणाले, एवढं मी ऐकलं. नंतर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मला वाटलं, बारक्या आला असेल. मी पाना खाली ठेवला नाही. मग हॉर्न ऐकू आला. बाबा हॉर्न वाजवणाऱ्यांना शिव्या देणारा माणूस. तो हॉर्न थांबेचना. मी बाहेर येईपर्यंत गाडी उताराला लागली होती. खाली चौकात माणसं होती, एक बाई बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. बाबांनी गाडी डावीकडे वळवून पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर घातली. दुसऱ्या कोणाला खरचटलंही नाही. बाबा अजून शुद्धीवर आलेले नाहीत.

भिंतीपाशी मी कशी पोचले ते मला आठवत नाही. चपला गॅरेजमध्येच राहिल्या होत्या. शेजारच्या टायरवाल्याने आणि मी बाबांना बाहेर काढलं. नंतर मी गाडीत डोकं घालून फडकं शोधलं. स्टिअरिंगवर नाही, खाली नाही, सीटच्या फटीत नाही. तेवढ्यात बारक्या नवा सिलिंडर हातात घेऊन चढ चढत आला. मी काही विचारलं नाही, सरळ त्याच्या थोबाडीत मारली. तो म्हणाला, "बांधलं होतं. ताई, शप्पथ, मी बांधलं होतं." मी म्हटलं, "मग ते काय उडून गेलं?" हे सगळ्या गल्लीने ऐकलं.

टायरवाल्याने पोलिसांना सांगितलं की सकाळी बापलेकांचं भांडण झालं होतं. ते खरं आहे. बारक्याला मोठ्या शोरूमच्या वर्कशॉपमध्ये नोकरी धरायची आहे. बाबा म्हणाले, "जा, आणि तोंड दाखवू नकोस." बारक्या म्हणाला, "मी नसलो की कळेल तुम्हाला." आमच्याकडे आठवड्यातून एकदा असं होतंच. पण त्यावरून साहेबांनी मला विचारलं, मुद्दाम केलं असेल का? मी म्हटलं, "मला माहीत नाही." तेच कालच्या जबाबात आहे. मला माहीत होतं. मी म्हणायला हवं होतं की नाही, तो असं करणार नाही. ते माझ्या तोंडातून का निघालं नाही, याचं मला आज सकाळपासून आश्चर्य वाटतंय.

काल संध्याकाळी पोलिसांसमोर गाडीचं मागचं चाक मीच उघडलं. ड्रममध्ये रबरी टोपी पडलेली मिळाली. बाबांनी पायडल मारल्यावर दाबाने ती उडाली आणि तेल सगळं तिथून गेलं. टोपी आपण पिशवीत घातली आहे. ती नीट बघा. ज्याला बापाला मारायचंय तो नळीत धूळ जाऊ नये म्हणून टोपी लावत बसत नाही. हे मला कालच सुचायला हवं होतं.

आज सकाळी मी बाबांचे कपडे घ्यायला घरी गेले. आई रात्रभर दवाखान्यात होती, पहाटे तिला मावशीने जबरदस्तीने घरी आणून सोडलं होतं. आई झोपली नव्हती. मागच्या अंगणात कपड्यांच्या दोरीशी उभी होती. गॅरेजची फडकी आईच धुते. रोज दुपारी ती आमचा डबा घेऊन येते आणि रिकाम्या डब्याबरोबर पिंपातली तेलकट फडकी घेऊन जाते, सोड्याच्या गरम पाण्यात टाकते. मला कळायला लागल्यापासून हे असंच चाललंय.

दोरीवर दोन-तीन पांढरी फडकी होती. त्यांच्या मध्ये लाल होतं. मी विचारलं, "आई, हे कुठलं?"

आई म्हणाली, "अगं, काल पिंपात दोन-तीनच फडकी होती. तेवढ्यासाठी कुठे पाणी तापवायचं, म्हणून इकडेतिकडे बघितलं. त्या पांढऱ्या गाडीत एक अडकवलेलं दिसलं, काच उघडीच होती. किती घाण करून ठेवलंय ते! काल दुपारीच भिजवलं होतं, मग हे असं झालं. आत्ता खळबळून टाकलं." मग म्हणाली, "डाग काही सगळे निघाले नाहीत."

आई म्हणाली, "अशी का बघतेस? काही खाल्लंस का?" मी म्हटलं, "काही नाही." कपडे तिथेच विसरले आणि सरळ इथे आले. फडकं दोरीवरच ठेवलं. त्याला हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

साहेबांनी विचारलं, की ज्या घरात सगळे मेकॅनिक, त्या घरात आईला लाल फडक्याचा अर्थ माहीत नव्हता, हे कसं पटावं? मला तरी कुठे पटतंय? मी इथे बसून सारखी आठवतेय की कोणी कधी सांगितलं होतं का. गॅरेजमध्ये नवा माणूस आला की बाबा पहिल्या दिवशी पहिली गोष्ट हीच सांगायचे. एकदा पाणी भरायला आलेल्या माणसालाही सांगितली होती. आईला नाही सांगितली. बाबांनी नाही, मी नाही, बारक्यानेही नाही. ती गाडीला कशाला हात लावेल, असं आम्ही धरून चाललो. इतकी वर्षं आईच ती फडकी धुतेय. धुऊन, घडी घालून, लाल वर आणि पांढरी खाली अशी ठेवते. कशाचं काय, हे तिला विचारायचंही आम्हाला सुचलं नाही. बाबांना फडकं दिसलं नाही म्हणजे त्यांच्या हिशेबी गाडी तयार होती. त्यांनी त्यांची पद्धत पाळली. बारक्याने पाळली. आईने तिचं रोजचं काम केलं. जॅक मी मागितला. आता यात कोणाचं नाव लिहायचं ते साहेबांनी ठरवावं. माझं लिहिलंत तर माझी हरकत नाही. बारक्याचं नको, एवढंच सांगायला आले आहे.

फडकं जप्त करावं लागेल असं साहेब म्हणाले आणि शिपायाला घरी पाठवायला निघाले, तेवढ्यात आईच इथे आली. बारक्यासाठी धुतलेला शर्ट आणि डबा घेऊन आली होती. पिशवीतून तिने ते लाल फडकं काढून टेबलावर ठेवलं. अजून दमट होतं, तरी इस्त्री केल्यासारखी घडी होती. म्हणाली, "साहेब, टायरवाला सांगत होता, पोरगा कालपासून फडकं फडकं करतोय आणि त्याचं कोणी ऐकत नाही. हे बघा. त्याने बांधलंच होतं. मीच सोडून नेलं धुवायला. माझं पोरगं खोटं बोलत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सकाळी तू या फडक्याकडे बघत राहिलीस ना, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की हे कामाचं आहे." कालपासून पहिल्यांदा तिचा चेहरा जरा मोकळा झाला होता.

साहेबांनी लिहिणं थांबवलं. शिपायाने आईला खुर्ची दिली. ती माझ्या शेजारी बसली आहे.

आई आल्यापासूनचं सगळं मी स्वतःच्या हाताने लिहिते आहे. जबाब देणाऱ्याला तो मोठ्याने वाचून दाखवायचा असतो, असं साहेबांनी सांगितलं. मोठ्याने वाचू नये, माझी मी वाचते, अशी मी विनंती केली. साहेबांनी ती मान्य केली. मी मनातल्या मनात वाचला. मी सांगितलं तसंच लिहिलं आहे, एक शब्दही बदलायचा नाही.

वाचत असताना आईने विचारलं, "काय लिहिलंय गं एवढं?"

मी म्हटलं, "बारक्या सुटतोय."

तेही खरं आहे. सही करते.