गाव हसायचं थांबलं, तो रविवार

मुक्ता, काकांच्या घरची मंडळी, आणि इथे जमलेल्या सगळ्यांनो,

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी मुक्ताला म्हटलं, मी नको, दुसरं कोणी तरी बघ. मी काकांशी वाद घालणारा माणूस. त्यांच्याबद्दल असं माइकसमोर उभं राहून बोलायची वेळ येईल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. ती म्हणाली, "समीरदादा, त्या पिटिशनची गोष्ट तूच सांगायला हवीस." म्हणून उभा आहे. मधे अडखळलो तर सांभाळून घ्या.

बाहेर एवढा बर्फ आहे, तरी हॉल भरला आहे. इथली नेपरव्हिलची आपली मंडळी आहेतच. पण दुसऱ्या रांगेत सहा पाहुणे बसले आहेत, त्यांच्याकडे जरा बघा. ते वेस्ट व्हर्जिनियातून आले आहेत. काल सकाळी निघाले, वाटेत मुक्काम केला, आज दुपारी पोचले. त्यांना मराठी येत नाही. माझी बायको रश्मी त्यांच्या शेजारी बसून हळू आवाजात इंग्रजीत सांगते आहे. ते का आले, हे सांगितलं की मला काकांबद्दल जे सांगायचं आहे ते सांगून होईल.

विनायककाका मूळ चंद्रपूरचे. कोळशाच्या खाणीतले इंजिनियर. जमिनीखाली काम करणाऱ्या माणसांपर्यंत चांगली हवा पोचते की नाही, हे बघणं हे त्यांचं काम. अमेरिकेत आले तेही याच कामासाठी, वेस्ट व्हर्जिनियातल्या डोंगरात, एका लहानशा गावी. शैलाकाकू डॉक्टर. त्या गावात दवाखाना एकच, आणि त्यात डॉक्टर एकच, आपल्या काकू. सव्वीस वर्षं दोघं तिथे राहिले. रिटायर झाल्यावर इथे लेकीकडे, मुक्ताकडे आले. काकू आल्यानंतर पाच वर्षांनी गेल्या. तुमच्यातल्या कितीतरी जणांना त्या "यॉल जेवायला या रे" म्हणून बोलवायच्या. आपल्याला ती गंमत वाटायची. 'तुम्ही सगळे' या अर्थाचा तो शब्द त्यांनी कुठून आणला, हे आपण कधी विचारलं नाही.

काका इथे आल्यापासून रविवारी दुपारी मुक्ताच्या बेसमेंटमध्ये आपण जमायला लागलो. पोहे, चहा, आणि ते कार्टून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ते मोठ्यांचं कार्टून आहे. मुलांना वर पाठवून बघायचं. अ‍ॅपलेचियाच्या, म्हणजे वेस्ट व्हर्जिनियाकडच्याच डोंगरातलं एक गाव, बंद पडलेली खाण, एक भांडकुदळ कुटुंब आणि त्यांची खटारा गाडी. वर्षानुवर्षं चाललं आहे. त्यातली माणसं म्हातारी होत नाहीत, बघणारी होतात.

आणि आपण काय हसायचो! पडलेल्या दातांवर हसायचो. अनवाणी पायांवर हसायचो. त्यांच्या बोलण्यावर तर फारच. मी सगळ्यात जास्त हसायचो. ती बोली मी हुबेहूब काढायचो, ऑफिसातही काढायचो. लोक म्हणायचे, समीर, परत एकदा कर ना यार. मी परत करायचो.

काका हसायचे नाहीत असं नाही. पण भलत्याच ठिकाणी हसायचे. त्यातली आजी गाडीचा सायलेन्सर कुंपणाच्या तारेनं बांधते, तिथे त्यांच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसू यायचं. म्हणायचे, आमच्याकडे असंच बांधतात. आमच्याकडे! मला वाटायचं, ते चंद्रपूरबद्दल बोलताहेत.

मंडळी, आता तो रविवार. काकू जाऊन वर्ष झालं होतं. नवा भाग लागला आणि त्यात गावच्या दवाखान्यात एक नवी डॉक्टर आली. भारतीय. साडी, कपाळावर मोठं कुंकू, आणि आपला उच्चार. आपला म्हणजे तुमचा-माझा, पण तिप्पट करून काढलेला. ती बोलते एक, पेशंटना ऐकू येतं दुसरंच, आणि गोंधळ उडतो. पाच मिनिटं तोच जोक.

बेसमेंटमध्ये कोणी हसलं नाही. मी तर उठूनच उभा राहिलो. काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण रेसिस्ट हा शब्द बराच वेळा वापरला. आपली मुलं शाळेत जातात, उद्या त्यांना कोणी असंच चिडवलं तर? सगळ्यांना पटलं. मी तिथेच लॅपटॉप उघडला, कार्टून काढणाऱ्यांच्या नावाने पिटिशन लिहिली, आणि वाचून दाखवली. चांगली लिहिली होती. अजूनही म्हणतो, चांगली लिहिली होती.

वाचून झालं. काका खुर्चीत बसून होते. त्यांची भाषा इतकी वर्षं इथे राहून गुळगुळीत झाली होती. पण मनाला लागलं की चंद्रपूर बाहेर यायचं.

ते म्हणाले, "समीर, इतकी वर्षं हसला. आज काऊन थांबला?"

आवाज चढवला नाही. टोमणाही नव्हता त्यात. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मी म्हणालो, काका, हे वेगळं आहे. ते म्हणाले, पाठव तू. तुला दुखलं ते खरं आहे, पाठवायलाच पाहिजे. फक्त खाली एक ओळ अजून लिही, की त्या लोकांच्या बोलण्यावर आम्ही आजपर्यंत हसत आलो.

ती ओळ मला लिहिता येईना. मी कीबोर्डवर हात ठेवून बसलो. रश्मी माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघत नव्हतो.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. फोन डॉटीचा होता. डॉटी, म्हणजे त्या दुसऱ्या रांगेतल्या, निळ्या स्वेटरमधल्या बाई. त्या गावात त्यांनी आयुष्यभर स्कूलबस चालवली. गावच्या फायर स्टेशनच्या हॉलमध्ये रविवारी सगळं गाव हेच कार्टून बघायला जमतं, आणि ते जमवतात डॉटी. हे काकांनी आम्हाला तोवर कधी सांगितलं नव्हतं. आम्ही कधी विचारलं नव्हतं, असं म्हणायला हवं.

काकांनी फोन स्पीकरवर टाकला. डॉटी आधी एवढंच विचारत होत्या, तू ठीक आहेस ना? तो भाग बघून त्यांना काकांची काळजी वाटली होती. मग हॉलमध्ये काय झालं ते त्यांनी सांगितलं.

गाव नेहमीसारखं हसत होतं. स्वतःवर हसत होतं. स्वतःच्या दातांवर, स्वतःच्या गाड्यांवर. मग पडद्यावर ती साडीतली डॉक्टर आली, आणि हॉल गप्प झाला. कार्टून काढणाऱ्यांनी मनाने कोणी तरी बाई काढली असेल. पण त्या गावाने आयुष्यात साडीतली एकच डॉक्टर पाहिली होती. मागच्या बाजूला एक म्हातारा खाणकामगार बसला होता. त्याने टोपी काढली आणि उभा राहिला. मग त्याच्या शेजारचा. मग एकेक करून सगळा हॉल. कोणी कोणाला सांगितलं नाही. पडद्यावर जोक चालू होते, आणि तो सीन संपेपर्यंत अख्खं गाव टोप्या काढून उभं होतं. सीन संपल्यावर सगळे खाली बसले, आणि पुढच्या जोकला परत हसायला लागले. तो जोक त्यांच्यावर होता.

डॉटी शेवटी म्हणाल्या, "आमच्यावर हसा, आम्हाला सवय आहे. आमच्या डॉक्टरवर नाही."

मंडळी, बेसमेंटमध्ये आम्ही अकरा जण होतो. मुक्ता जिन्यात बसून रडत होती. मी लॅपटॉप मिटला. ज्या लोकांची बोली मी पार्ट्यांमध्ये करून दाखवायचो, ते लोक आपल्या काकूंसाठी उभे राहिले होते. त्यांच्यासाठी मी कधी उभा राहिलो होतो?

तीन आठवड्यांनी काका आम्हाला तिकडे घेऊन गेले. मी ड्राइव्ह केलं, दहा तास. डोंगर सुरू झाले तसे काका सरळ होऊन बसले आणि वळणावळणावरची घरं सांगायला लागले. इथे काकूंनी एका बाईचं बाळंतपण बर्फात केलं. या उतारावर खाणीतून बाहेर आलेली माणसं हात धुवायच्या आधी मला हात हलवायची. मी ऐकत होतो आणि मनातून घाबरलो होतो. त्या हॉलमध्ये जाऊन मी कोणत्या तोंडाने बसणार होतो?

हॉलमध्ये डॉटींनी मला शेजारी बसवलं. कार्टून सुरू झालं. मी बघत होतो हॉलकडे. लहान मुलं होती, नाकात ऑक्सिजनची नळी घातलेले म्हातारे होते. त्यांना डायलॉग पाठ होते. एखादा जोक खोटा पडला तर म्हातारे ओरडायचे, अरे, असं कोणी करत नाही! खरा निघाला की शेजारच्याला कोपर मारायचे, तुझा भाऊ बघ. परक्यावर हसणं आणि घरच्यावर हसणं, यात केवढा फरक आहे! तो मला डोळ्यांनी दिसला.

मध्यंतरात मला राहवलं नाही. मी डॉटींना सांगून टाकलं, की मी तुमच्या बोलण्याची नक्कल करायचो. दातांवर हसायचो. सॉरी म्हणालो. त्या म्हणाल्या, दातांवर तर मीही हसते, माझे सगळे खोटे आहेत. तुझ्या काकूंनीच मला हाताला धरून शहरातल्या डेंटिस्टकडे नेलं होतं.

मग मी विचारलं, की तुम्हाला हे कार्टून बघवतं तरी कसं? राग येत नाही? त्यांच्या नवऱ्याची फुप्फुसं कोळशाच्या धुळीने गेली, हे मला काकांनी वाटेत सांगितलं होतं.

त्या म्हणाल्या, "टीव्हीवर आमचं गाव एरवी कधी दिसतं? कोणी मेलं की. इथे आम्ही दर आठवड्याला जिवंत असतो."

मी आजवर जे काही ऐकलं आहे, त्यात याच्याइतकं मोठं वाक्य मला आठवत नाही. आणि ते मी पॉपकॉर्न खाता खाता ऐकलं, खोट्या दातांच्या एका बस ड्रायव्हर बाईंकडून.

परत आल्यावर मी ती पिटिशन पुन्हा लिहिली. काकांनी सांगितलेली ओळ घातली. खाली आपल्या सह्या होत्या, आणि त्या गावच्या आपल्यापेक्षा जास्त. काकांनी स्वतः पोस्टात टाकली. उत्तर आलं नाही. येईल असं आता वाटतही नाही. पण त्यानंतर रविवारी बेसमेंटमध्ये हसायच्या आधी आम्ही एक क्षण थांबायला लागलो. काही वेळा हसलो, काही वेळा नाही. आणि ती बोली मी परत काढली नाही. कोणी म्हटलं, कर ना यार, तर हीच गोष्ट सांगतो.

काकांबद्दल मला सगळ्यात जास्त नवल कशाचं वाटतं, सांगू? इतकी वर्षं ते आमचं हसणं ऐकत बसले. ती माणसं त्यांची होती. एका शब्दाने आम्हाला गप्प करू शकले असते. केलं नाही. पोहे पुढे केले. आमचं आम्हाला कळेल, याची वाट बघत राहिले. माणसावर एवढा विश्वास कुठून आणायचा? मला अजून जमलेलं नाही. माझा मुलगा साधं उलट बोलला तरी मी लेक्चर सुरू करतो.

गेल्या महिन्यात नवा सीझन सुरू झाला. काकांचं हृदय थकलं होतं. त्यांना त्या हॉलमध्ये जायचं होतं, डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं. म्हणून डॉटींनी तिकडून व्हिडिओ कॉल केला. इकडे मुक्ता, मी, आणि पलंगावर काका. डॉटींनी फोन पडद्याच्या दिशेने धरला होता. कार्टून सुरू झालं. काकांनी हाताने खूण केली आणि बारीक आवाजात म्हणाले, "डॉटी, टर्न इट अराउंड." डॉटींना आधी कळलं नाही. मग त्यांनी फोन फिरवला.

समोर तो हॉल होता. टोप्या, स्वेटर, ऑक्सिजनच्या नळ्या, कोणाच्या तरी मांडीवरचं बाळ. सगळे हसत होते. अर्धा तास काकांनी कार्टून पाहिलंच नाही. ती माणसं पाहिली. प्रत्येकाला नावाने ओळखत होते, पुटपुटत होते. मधेच हॉलमध्ये मोठा हशा झाला. कशावर ते आम्हाला दिसत नव्हतं. काकाही हसले, त्यांच्याबरोबर, अगदी त्याच क्षणी.

दोन दिवसांनी, सकाळी, ते गेले.

काका, तुम्ही आयुष्यभर जमिनीखालच्या माणसांना हवा मिळते की नाही ते बघितलंत. वर राहणाऱ्या आम्हालाही थोडी दिलीत. तुम्हाला माझा नमस्कार.

आता सगळ्यांनी दोन मिनिटं शांत बसू या. रश्मी, पाहुण्यांनाही सांग.